रॉक बँडचा जमाना संपला काय?

प्रश्न : दादा, राजारामपुरीत आमचा चौघांचा बँड आहे, झेपेलिन, निर्वाणा या जुन्या रॉक बँडची गाणी वाजवतो. पण आता अख्खं जग ज्याच्यामागं वेडं होईल असा बँड येतच नाही. असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, बँड आजपण लई भारी आहेत, पण सगळ्यांनी एकच गोष्ट ऐकायची ती सोय गेली. पूर्वी रेडिओ आणि एमटीव्ही जे लावतील तेच सगळे ऐकायचे, म्हणून तर निर्वाणाचा १९९१ चा अल्बम जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला खाली ढकलून अमेरिकेत एक नंबरला गेला. मग १९९९ ला इंटरनेटवरून फुकटात गाणी एकमेकांना द्यायचं नॅपस्टर आलं, सीडी विकणं बसलं, आणि नव्या बँडवर पैसे लावून तिसऱ्या-चौथ्या अल्बमपर्यंत थांबायची कंपन्यांची तयारीच संपली. २०१७ ला अमेरिकेत हिपहॉप (रॅपवालं संगीत) आणि आरअँडबी (रिदम अँड ब्लूज) मिळून खपात रॉकच्या पुढं गेले. तिथं एक पोरगं, एक लॅपटॉप, गाणं तयार. चौघांचं पोट, रिहर्सलची जागा, ड्रम ठेवायचे कुठं, शेजारी ओरडतात, हे सगळं बँडलाच.

पण चौघं एका खोलीत वाजवतात तेव्हा जे होतं ते लॅपटॉपवर होत नाही, हे मी ठासून सांगतो. झेपेलिनच्या १९७१ च्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी ठेवून, वर दोन माइक टांगून रेकॉर्ड केलेत. हेडफोन लावून ऐक, भिंती वाजतात. तुमच्याकडं कुणाचा जुना वाडा असेल तर करूनच बघा की!