सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग हनुवटीवर केस येतात कशाने?

बेळगाव, खानापूर भागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला मुलींपेक्षा त्यांच्या आयांकडूनच अधिक ऐकू येतो. खानापूर तालुक्यातील एका मायलेकींची हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची होती. बोलताना ती ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेत होती आणि हनुवटीखाली चिमट्याने केस उपटल्याचे लाल ठिपके दिसत होते. आई म्हणाली, "मॅडम, स्थळे येऊ लागली आहेत. सोनोग्राफी केली, काही निघाले नाही. दर आठवड्याला पार्लरला जाऊनच केस वाढले असतील का?" थ्रेडिंगने किंवा वस्तऱ्यानेही केस दाट होत नाहीत, हे मी आधी सांगितले, कारण त्या समजुतीमुळे सारा दोष मुलीच्या माथी येतो.

मग मी पाळीविषयी विचारले. "येते की वेळेवर," असे आई म्हणाली; मुलगी मात्र हळूच म्हणाली, की दीड-दोन महिन्यांनी येते. आईचेही तसेच होते, त्यामुळे घरात ते कोणाला वावगे वाटले नव्हते. पहिल्या दवाखान्यात बोलणे कन्नडमध्ये झाले होते, आणि बाजारहाटापुरते कन्नड येणाऱ्या या आईला परक्या माणसापुढे पाळीचे सांगणे जमले नव्हते. आपल्या सीमाभागात असे बरेचदा घडते. म्हणून पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात, असे मी आवर्जून सांगते.

२००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) अतिरेक आणि सोनोग्राफीत बारीक पुटिकांनी भरलेले दिसणारे बीजकोश (अंडाशय), या तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि इतर कारणे वगळली गेली, तर पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या संप्रेरकांच्या विकाराचे निदान होऊ शकते. म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल असूनही हा विकार असू शकतो, आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावर, छातीवर, पोटावर राठ केस येण्याचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. यात बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढते. वाढलेले इन्सुलिन बीजकोशांना अधिक टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, तयार करायला लावते आणि त्याला बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन कमी करते. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन प्रमाणात दिसले तरी मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढलेले असते, आणि मऊ लवेचे राठ, काळे केस होतात.

बेळगावातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी रक्त तपासले. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी निगडित संप्रेरक) ठीक होते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या जन्मजात दोषासाठी पाहिले जाणारे सतरा-हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉनही ठीक होते. मोकळे टेस्टोस्टेरॉन मात्र वाढलेले निघाले, म्हणजे अनियमित पाळीच्या जोडीला दुसरा निकषही जुळला. काही स्त्रियांत पाळी आणि सर्व रक्ततपासण्या नीट असूनही केस येतात, कारण केसांची मुळेच संप्रेरकाला जास्त संवेदनशील असतात. तेव्हाही तो मनाचा खेळ नसतो. परंतु काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा कपाळाकडचे केस विरळ होऊ लागले, तर बीजकोशात वा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, हे तातडीने पाहावे लागते.

"लग्न झाले की सगळे सुरळीत होईल ना?" आईने विचारले. लग्नाने संप्रेरके बदलत नाहीत, असे मी स्पष्ट सांगितले. डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या; वजन वाढलेले असल्याने चालणे आणि जेवणाच्या वेळाही ठरवून दिल्या. फरक दिसायला साधारण सहा महिने लागतात आणि आधीच राठ झालेले केस गोळीने जात नाहीत, त्यांच्यासाठी लेझर वा इलेक्ट्रोलिसिस लागते, हे आधीच सांगितले नाही तर मुली दुसऱ्या महिन्यातच गोळ्या सोडतात. पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध पुढे लागलेच, तर त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून लग्न ठरताच डॉक्टरांना कळवायचे, हे त्या दोघींनी माझ्यासमोरच ठरवून घेतले.