घरी शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आईला बेळगावातल्या जॅझच्या कार्यक्रमाला नेऊ का?

न्या की! तुम्ही लिहिलंय की सॅक्सोफोनवादकाचा चौघांचा ग्रुप येतोय, आईंचं वय ६८, आजवर बैठकी आणि नाट्यपदंच ऐकलेली, आणि दोन तास काहीच कळलं नाही तर त्या कंटाळतील अशी तुम्हाला धास्ती आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. बैठक ऐकलेल्या माणसाला जॅझ लवकर सापडतं.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या मावशीला असंच नेलं होतं. ती टिळकवाडीत राहते, घरी पेटी वाजवते. गोव्याहून चोर्ला घाट चढून आलेले चौघे होते: सॅक्सोफोन, पियानो, डबल बास (व्हायोलिनसारखंच, पण माणसाएवढं उंच, खर्जातलं वाद्य) आणि ड्रम्स. पहिल्या तुकड्याला मावशी हाताची घडी घालून बसली होती. दुसऱ्याला तिचं बोट गुडघ्यावर मात्रा मोजायला लागलं आणि थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, सोळा मात्रांची तीन आवर्तनं झाली की हा परत पहिल्यापासून सुरू करतोय बघ."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो तुकडा ब्लूज होता, म्हणजे जॅझमधल्या एका ठरलेल्या साच्यातला. ब्लूजचा एक फेरा १२ बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट), एका बारात ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनं! फेऱ्यात चार-चार बारांच्या तीन ओळी असतात. पहिली ओळ काहीतरी म्हणते, दुसरी बहुतेक वेळा तेच पुन्हा म्हणते, तिसरी उत्तर देते. तीनतालासारखी टाळी-खाली त्यात शोधू नका, पण फेरा पूर्ण होऊन जिथून निघालो तिथं पोचल्याची जाणीव तीच, समेवर आल्याची.

जॅझमधली बरीचशी जुनी गाणी ३२ बारांची असतात. त्यांची मांडणी आईंना आणखी ओळखीची वाटेल: ८ बारांची स्थायी, पुन्हा स्थायी, मग अंतरा, मग परत स्थायी. सुरुवातीला सगळे मिळून ही चाल सरळ वाजवतात. तोच मुखडा. मग एकेक वादक त्याच फेऱ्यावर स्वतःचं रचत जातो, तिथल्या तिथं, आणि शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात. म्हणून आईंना एवढंच सांगा: पहिल्यांदा वाजलेली चाल मनात गुणगुणत ठेवा. सॅक्सोफोन कितीही लांब गेला तरी खाली त्या चालीचा फेरा चालूच असतो. ती धरून बसलं की तो कुठून निघाला, कुठं वळला, हे कळायला लागतं आणि मजा तिथंच आहे.

एक गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे. तंबोरा नाही. आपल्याकडे षड्ज एकदा लागला की मैफलभर हलत नाही. इथं पियानो दर एक-दोन बारांनी कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ) बदलतो, पायाखालची जमीन सरकते आणि जो स्वर क्षणापूर्वी गोड लागला होता तो आता टोचतो. मावशीला हे पहिल्यांदा बेसूर वाटलं. अशा वेळी डबल बासकडे कान द्यावा. तो बहुतेक प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत चालतो आणि जमीन कुठं सरकली ते तोच सांगतो. त्या दिवशी बासचा एकल भाग सुरू झाला आणि आमच्या मागच्या दोन रांगा बोलायला लागल्या. फार वाईट वाटलं. तबल्याच्या एकलवादनाला कान टवकारणारी हीच माणसं.

ठेका ड्रम्सवाल्याच्या मोठ्या झांजेवर ऐकायचा. पायानं मिटणारी झांजेची जोडी चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची आपली सवय तेवढी सोडावी लागते. दाद मात्र मनमोकळी द्या. एकाचं वादन संपून दुसरा सुरू झाला की टाळ्या वाजवतात, तुकडा संपायची वाट बघत नाहीत.

सॅक्सोफोनचं वाद्य आईंना परकं वाटणार नाही. माझे वडील शहापुरात वरातीच्या बँडमध्ये वाजवायचे. लहान आल्टो सॅक्सोफोन "काळी दोनचा" आणि त्याहून मोठा टेनर "काळी पाचचा" अशी पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून त्यांची भाषा, आणि ती अचूक आहे. पितळेचं असलं तरी हे वाद्य सनईच्या कुळातलं, कारण त्यात रीड असते, बोरूसारख्या गवताची एक पातळ पट्टी. वाजवण्याआधी वादक ती तोंडात धरून भिजवतो. पावसाळ्यात झाकणांखालच्या चामड्याच्या गाद्या फुगल्या की वडील चिंतेत पडायचे. अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेलं हे वाद्य आपल्या कर्नाटकात कद्री गोपालनाथांनी त्यात थोडे बदल करून कर्नाटक संगीताच्या गमकांपर्यंत, म्हणजे स्वर डोलवण्याच्या लकबींपर्यंत, नेलं. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं होतं.

आणि जॅझ आईंनी आधीच ऐकलंय, नकळत. सी. रामचंद्रांची १९५० च्या आसपासची नाचरी गाणी त्यांना पाठ असतील. त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रंपेटवादक होते, हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या अशा गोवेकरांनीच हिंदी सिनेमात तो बाज आणला. निघण्याआधी घरी त्यातली दोन-तीन गाणी लावा आणि गायकाऐवजी मागचे ट्रंपेट-सॅक्सोफोन ऐकायला सांगा.

बसायला पहिली रांग घेऊ नका. ड्रम्सच्या झांजा ६८ वर्षांच्या कानाला जवळून सोसत नाहीत, आणि आम्ही गेलो होतो तिथं स्पीकरही नको इतके मोठे ठेवले होते. मध्यंतरानंतर आम्ही पाचव्या-सहाव्या रांगेत मध्यावर सरकलो तेव्हा कुठं बास नीट ऐकू आला. मध्यंतरात वादक बाहेर चहाला येतात. मावशी सरळ सॅक्सोफोनवाल्याकडे गेली आणि "तुमची पट्टी काळी दोन का?" असं विचारलं. तो गोव्याचाच, घरी पेटी असलेला. त्यानं आल्टो गळ्यातून काढून तिच्या हातात दिला.