संडे स्कूलच्या मुलांना नाताळची गोष्ट कशी शिकवावी?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच वर्ग हातात आलाय, मुलं ५ ते ११ वयाची आहेत, आणि तोंड उघडायच्या आतच "ही गोष्ट माहितीये आम्हाला" म्हणून मोकळी होतात. मी नगर भागातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) बारा वर्षं शिकवतेय. माझा अनुभव असा, की मुलांना गोष्ट माहीत नसते. त्यांना भेटकार्डावरचं चित्र माहीत असतं.

म्हणून आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी मी गोष्ट सांगतच नाही. तसलं एक चित्र फळ्यावर डकवते, मोठ्या मुलांकडे पवित्र शास्त्र देते आणि म्हणते, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचा आणि चित्रात आहे पण इथे नाही असं काय काय ते शोधा. पाच मिनिटांत कल्ला सुरू होतो. "ताई, गाढव नाहीये!" बैलही नाही. "जागा नाही" म्हणून दार लावून घेणारा मालक, ज्याच्या भूमिकेसाठी दरवर्षी भांडणं होतात, तोही नाही. 'गोठा' हा शब्दसुद्धा नाही, नुसती गव्हाण आहे. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते असं कुठेही लिहिलेलं नाही. दानं तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. शिवाय ते येतात ते घरात, आणि हेरोद राजा मारण्यासाठी दोन वर्षांपर्यंतची मुलं शोधतो. म्हणजे मेंढपाळ आणि मागी एकाच रात्री रांगेत उभे असतील असं वाटत नाही. हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की जांभया बंद.

एक मात्र सांभाळा. चित्र खोटं आहे असं म्हणू नका. घरी आजीनं हौसेनं मांडलेल्या देखाव्यातला बैल एका मुलानं "शास्त्रात नाही" म्हणून उचलून बाहेर ठेवला होता, आणि त्या आजीचं मला ऐकून घ्यावं लागलं. गोव्यात रेइश मागूशला, चांदरला ६ जानेवारीच्या फेस्ताला तीन मुलगे राजे बनून येतात. ती परंपरा आहे आणि सुंदर आहे. शास्त्र काय म्हणतं आणि लोकांनी प्रेमानं काय भर घातली, एवढा फरक कळला की पुरे. आम्ही वर्गातल्या देखाव्यात मागींना लांब खिडकीत ठेवतो आणि दर रविवारी एकेक बाक पुढे सरकवतो. नाताळच्या दिवशी ते अजून वाटेतच असतात.

दुसरी अडचण शब्दांची, आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. आपल्या मराठी शास्त्राची भाषा गोड आहे, पण मुलांच्या कानाला जुनी. एका मुलाला दोन वर्षं वाटत होतं की मागी लोक म्हणजे मागणारे लोक. "मग त्यांनीच सोनं कसं दिलं?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. (मागी म्हणजे पूर्वेकडचे, तारे पाहणारे ज्ञानी लोक, हे आता मी आधीच सांगून टाकते.) उतारशाळा (प्रवाशांची मुक्कामाची जागा), बाळंतं (बाळाला गुंडाळायची फडकी) हे शब्दही समजावावे लागतात. गव्हाण खेड्यातल्या मुलांना सांगावी लागत नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना "गायीचं ताट" म्हटलं की चित्र उभं राहतं. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर वाटेनं साधारण १३० ते १५० किलोमीटर, म्हणजे नगरहून पुण्याला चालत जाण्यापेक्षाही जास्त, तेही गरोदर मरीयेनं. हे ऐकून वर्ग गप्प होतो.

लहानांसाठी माझी युक्ती सोपी आहे. देवदूत जखऱ्याला (बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या वडिलांना), मरीयेला, योसेफाला आणि मेंढपाळांना, चारही ठिकाणी "भिऊ नको", "भिऊ नका" म्हणतो. मी गोष्ट सांगताना तिथे थांबते आणि ते वाक्य मुलांनी ओरडायचं. पाच वर्षांचं पोरही डोळे लावून बसतं, आपली पाळी कधी येते म्हणून.

हेरोदाच्या बाबतीत मी एकदा चांगलीच चुकले. सगळ्या वयाची मुलं एकत्र असताना बेथलेहेमातल्या बाळांची हत्या तपशिलात सांगितली. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला, की मुलगा रात्रभर आपल्या तान्ह्या भावाच्या पाळण्याजवळून हलला नाही. तेव्हापासून लहानांना एवढंच सांगते, की राजाला बाळाचा हेवा वाटला आणि योसेफ रातोरात सगळ्यांना घेऊन मिसर देशात (इजिप्तमध्ये) गेला. दहाच्या पुढच्यांना मात्र पूर्ण सांगते, ती मुलं "म्हणजे कंसासारखंच ना?" असं विचारतातच. त्यांना गप्प करू नका. दोन्ही गोष्टींत राजा बाळाला का घाबरतो, यावर ती छान बोलतात.

"कुमारी म्हणजे काय?" हाही प्रश्न येणार. मी म्हणते, मरीयेची मागणी झालेली होती, लग्न व्हायचं होतं, आणि हे बाळ देवाची खास देणगी होती. त्यापुढचं ज्याचं त्याच्या घरी. सांताक्लॉजवर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मेंढपाळांवर मात्र अख्खा एक रविवार द्या. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे शेतात बसतात. मुलांनी रात्रीची शेकोटी, कुत्री, कोकरू खांद्यावर टाकून चालणारा माणूस, सगळं पाहिलेलं असतं. तुमच्याकडे नसेल तर रात्रपाळीचा वॉचमन घ्या, थंडीत जागं राहणं तेच. नाटकातही आम्ही चकचकीत झगे सोडून घोंगड्या घेतो. गेल्या वर्षी वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीनं विचारलं, "ताई, हे सगळे बाळ बघायला धावत गेले, तर मेंढरं कुणी राखली?" लूकनं ते लिहिलेलं नाही. उरलेली वीस मिनिटं वर्ग त्यावरच भांडत होता, आणि मी तयार करून नेलेला धडा पिशवीतून काढलाच नाही.