रशियन ‘मेदवेद’ (अस्वल) या शब्दाचा मूळ अर्थ ‘मध जाणणारा’ असा आहे का?

नाही, मूळ अर्थ ‘मध खाणारा’. आद्य-स्लाव्हिकमध्ये (रशियन, पोलिश, युक्रेनियन वगैरे भाषांची मूळ भाषा) या शब्दाचं पुनर्रचित रूप *मेदवेदि असं मानतात, आणि त्याची फोड मेदु (मध) + एद (खाणे) अशी होते. ‘मेद + वेद’ अशी फोड केली की ‘वेद’ म्हणजे जाणणे असं वाटतं आणि तिथेच गल्लत होते. यातला ‘व’ मधाच्या शब्दातल्या ‘उ’चा आहे; पुढे स्वर आला की उ चा व होतो. आपल्या शाळेतला यण् संधी आठवा: मनु + अंतर = मन्वंतर. ऋग्वेदात (१.१६४.२२) मधु + अद् (खाणे) पासून झालेला ‘मध्वद्’ अगदी याच घडणीचा आहे, फक्त तिथे तो पक्ष्यांसाठी येतो. ‘अन्न’सुद्धा याच अद् धातूचं. पोलिशमध्ये सुरुवातीचा म बदलून न झाला, युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘वेदमिद’ झालं.

अस्वलाचं जुनं इंडो-युरोपीय नाव (संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्टोस) स्लाव्हिकमधून गेलं, ते बहुधा शिकाऱ्यांनी भीतीपोटी उच्चारणं टाळल्यामुळे. ‘मध खाणारा’ ही व्युत्पत्ती पक्की आहे. हे कारण मात्र अनुमानच, त्याचा लेखी पुरावा नाही.