विहिरी-शेततळ्यांच्या वेब नकाशासाठी डेव्हलपर कसा पारखावा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी कंपनीला विहिरी-शेततळ्यांचा वेब नकाशा हवा आहे आणि सभासदांत दृष्टिहीन शेतकरीही आहेत, असं तुम्ही लिहिलंय. बायोडाटा बाजूला ठेवा, एका दिवसाचं काम पैसे देऊन करून घ्या.

उमेदवाराला २० विहिरींचे यूटीएम आकडे द्या (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजेच झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत), अर्ध्या पुसदकडच्या, अर्ध्या वणीकडच्या. दोन झोनची सीमा असलेला ७८ अंश पूर्व रेखांश तुमच्या जिल्ह्यातूनच जातो: पुसद झोन ४३ मध्ये, वणी ४४ मध्ये. झोन चुकला की विहीर सहाशे किलोमीटरहून जास्त सरकते. जाणकार माणूस आधी झोनच विचारेल. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइलप्रकारात रेखांश आधी आणि लीफलेट या वेब नकाशे बनवायच्या साधनात अक्षांश आधी. उलटं पडलं तर वणीची विहीर उत्तर ध्रुवाकडे जाते.

मग माऊस काढून घ्या. कीबोर्डवरच्या टॅब कळीने प्रत्येक विहिरीपर्यंत जाता येतं का? एस्केपने पॉपअप मिटतो का? फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून ऐका. नुसतं ‘मार्कर’ ऐकू आलं तर काम अर्धवट. ‘वणी, विहीर, पाणी आहे’ असं यायला हवं. पानाची भाषा मराठी नोंदवलेली नसेल तर उच्चारही बिघडू शकतात.

कोरडी विहीर फक्त लाल रंगाने दाखवू नका, आकारही वेगळा ठेवा. मजकुराचा कॉन्ट्रास्ट (पार्श्वभूमीपेक्षा उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५:१, चिन्हांचा ३:१. वैशाखाच्या उन्हात बांधावर उभं राहून बघणाऱ्यालाही तो लागतोच. नकाशाशेजारी विहिरींचा गावनिहाय तक्ता मात्र करारातच लिहून घ्या.