दहाव्याला कावळा शिवला नाही, म्हणजे आईला मोक्ष मिळणार नाही का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईच्या दहाव्याला दीड तास थांबूनही कावळा शिवला नाही, घाटावरच कुणी नातेवाईक बोलून गेले की तिचा जीव गावच्या घरात अडकलाय, एवढी आसक्ती असल्यावर मोक्ष कुठला. आणि तेव्हापासून तुमचा डोळ्याला डोळा लागत नाही, ते घर विकायचं की ठेवायचं हेही ठरत नाही. तर आधी एवढं ऐका: कावळा शिवणं आणि मोक्ष मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून मी हे म्हणत नाही, आपल्या परंपरेतच ते तसं आहे.

दहा दिवसांच्या पिंडांनी गेलेल्या जीवाला पुढच्या वाटेसाठी देह मिळतो, असं गरुडपुराण सांगतं. बाराव्याला सपिंडीकरण, म्हणजे गेलेल्याचा पिंड पितरांच्या पिंडांत मिसळण्याचा विधी, झालं की तो जीव प्रेतपणातून सुटून पितरांमध्ये जातो. हे सगळं झालं गतीचं, म्हणजे मरणानंतरच्या वाटचालीचं. मोक्ष म्हणजे जन्ममरणाचा फेराच संपणं, आणि तो कुणी कुणाला पिंड देऊन मिळवून देऊ शकत नाही. शंकराचार्यांचं म्हणणं तर सरळ आहे: कर्मानं जे मिळतं ते कधीतरी सरतं, म्हणून मोक्ष हे कर्माचं फळ असूच शकत नाही, तो ज्ञानानंच. आणि कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. तुमच्याकडेही गुरुजींनी तेच केलं असणार. विधी तिथं पुरा झाला.

माझ्या आत्याच्या दहाव्याला वाईच्या घाटावर मी हेच पाहिलंय. आत्यानं माहेरच्या तीन एकरांवरचं हक्कसोडपत्र माझ्या वडिलांना हसत करून दिलं होतं. सही करून बाहेर आली, रसवंतीवर उसाचा रस प्यायली, आणि तो विषय पुन्हा तिच्या तोंडी कधी आला नाही. पण तिच्या आईचं जातं तिनं सासरी आणलं होतं. खुंटा हातानं झिजून गुळगुळीत झालेला. घरात नवी फरशी घालताना तिच्या मुलानं ते परसात ठेवू म्हटलं, तर बाई दोन दिवस जेवली नाही. घाटावर तोच मुलगा पिंडापुढं हात जोडून रडत म्हणाला, ‘आई, जातं हलवणार नाही गं.’ कावळा समोरच्या भिंतीवर बसून होता. खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचाच शिववला.

तीन एकर सुटले आणि जातं सुटलं नाही, याचं मला फार दिवस कोडं होतं. भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट नीट वाचली तेव्हा थोडं उमगलं. राज्य, बायका-मुलं सगळं टाकून हा राजा गंडकीकाठी तप करत होता. सिंहाच्या गर्जनेनं घाबरून एका गाभण हरिणीनं नदीत उडी घेतली, तिचं पाडस पाण्यात पडलं, ते यानं वर काढलं. मग त्याला चारा, त्याला कुरवाळणं, ते दिसेना झालं की जीव कासावीस. मरताना डोळ्यांपुढं पाडसच होतं, आणि पुढचा जन्म हरणाचा आला. कीर्तनात बहुतेक इथंच थांबतात आणि म्हणतात, बघा, आसक्ती कशी बुडवते. पण पाडस वाचवणं हा त्याचा दोष नव्हता. ‘हे माझं, माझ्यावाचून याचं कसं होणार’ ही गाठ बसली, ती नडली. आणि कथा तिथं संपतही नाही. हरणाच्या जन्मातही त्याला आठवण राहिली, त्यापुढच्या जन्मात तो जडभरत झाला आणि मुक्त झाला. आसक्ती होती म्हणून त्याला कुणी कायमचं बाहेर काढलं नाही. तुमच्या त्या नातेवाइकांना हे नक्की ऐकवा.

बंधन वस्तूत नसतं, ‘माझं’ या शब्दात असतं. महाभारतात म्हटलंय की ‘मम’ ही दोन अक्षरं म्हणजे मृत्यू आणि ‘न मम’ ही तीन अक्षरं म्हणजे शाश्वत ब्रह्म. वास्तुशांतीच्या होमात प्रत्येक आहुतीला आपण ‘इदं न मम’, हे माझं नाही, म्हणतो, तेही स्वतःच्या नव्या कोऱ्या घरात बसून! घर सोडून जा असं त्यात कुणी सांगत नाही. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यांनी आधी वाटणी केली, धाकट्या भावाच्या वाट्याची खतं त्याला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली, असं परंपरा सांगते. मला त्या बुडवण्याइतकीच ही वाटणी मोठी वाटते. दुसऱ्याचं ‘माझं’ त्यांनी परस्पर सोडवलं नाही. आणि देहूतला संसारही मोडला नाही.

देह असतानाच मुक्त होता येतं असं शंकराचार्यांच्या मताचे अद्वैती म्हणतात, वैष्णव आचार्य रामानुजांना ते मान्य नाही. त्या वादात मी शिरत नाही. आपले वारकरी संत तर मुक्तीही नको, पुन्हा जन्म दे पण तुझा विसर पडू देऊ नकोस, असं देवाकडे मागतात. त्यांनी मोक्षाचा धाक कुणाला घातला नाही.

म्हणून तुम्हीही गावचं घर विकायचं की ठेवायचं, हे या धाकापोटी ठरवू नका. डागडुजी झेपते का, तिथं कुणी राहणार आहे का, भावंडांचं काय म्हणणं आहे, हे बघा. आईनं त्या घरावर माया केली, म्हणून ती अपराधी ठरत नाही.

आत्याचं जातं अजून तिथंच आहे, फरशी त्याच्या भोवतीनं घातलीय. आळीत कुणाचंही लग्न निघालं की बायका हळद दळायला तिथं येतात. जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात, ओव्या म्हणतात, आणि घरातलं कुणी नसलं तरी शेजारी ठेवलेली किल्ली आणून स्वतःच दार उघडतात.