लहान मुलांना लढायला लावल्याबद्दल आजवर कुणाला शिक्षा झाली आहे का?

हो, झाली आहे. काँगोच्या इतुरी भागातल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोषी ठरवलं आणि जुलैमध्ये १४ वर्षांची कैद सुनावली. त्या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल, आणि आरोप एकच: १५ वर्षांखालच्या मुलांना भरती करून २००२-०३ च्या लढाईत वापरणं. निकालपत्र वाचलं तर पुरावा कसा उभा राहिला ते कळतं. माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या साक्षीदारांच्या जबान्या न्यायाधीशांना विश्वासार्ह वाटल्या नाहीत. वजन पडलं ते चित्रफितींचं. फेब्रुवारी २००३ मधल्या एका फितीत लुबांगा र्वाम्पाराच्या प्रशिक्षण छावणीत भाषण देतोय आणि समोर उघड उघड १५ वर्षांखालची पोरं उभी आहेत. पोरगं स्वतःहून आलं होतं, ही सबबही चालत नाही. हे मला या निकालातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्याआधी २००७ मध्ये सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने तिथल्या तीन बंडखोर नेत्यांना याच गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं होतं.

मात्र एक लक्षात घ्या: हेगच्या न्यायालयाच्या कायद्यात वयाची मर्यादा १५ आहे. १८ वर्षांखालच्यांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला जोडलेला २००० चा पूरक करार सांगतो, पण १६ वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक देणाऱ्यावर हेगमध्ये हा आरोप लावता येत नाही.